एका नाकाची वतनदारी

पुण्याहून मुंबईस जाणारी गाडी लोणावळे सोडून खंडाळ्याच्या उताराला लागली, की डब्यातील निम्मे उतारू चिक्कीची पुडकी सांभाळण्यात आणि उरलेले निम्मे डुलक्या घेण्यात गर्क असतात; तरीही त्यांतला एखादा बहुश्रुत गृहस्थ हटकून खिडकीबाहेर बोट करतो आणि शेजाऱ्याला सांगतो, की ते पाहा ड्यूकचे नाक. हा ड्यूक कोण, त्याचे नाक आपल्या मुलुखात कोणत्या हक्काने उभे आहे आणि नाकाखेरीज बाकीचा ड्यूक कोठे ठेवला आहे, हे प्रश्न कोणाही विचारी माणसाच्या मनात उद्भवावेत असे आहेत. परंतु शेजारी ते विचारीत नाही, कारण तेवढ्यात बोगदा येतो, आणि बोगदा संपेपर्यंत माणसाची जिज्ञासाही संपलेली असते. बोरघाटात बोगदे इतके आहेत, की १८६३ साली येथून आगगाडी धावू लागल्यापासून आजपर्यंत या नाकाची पुरती चौकशी कोणालाच करता आलेली दिसत नाही. सबब ती येथे, सपाटीवर बसून, करण्याचे योजिले आहे.

नाकाचे मूळ मालक आर्थर वेलस्ली, वेलिंग्टनचे पहिले ड्यूक. १८१५ साली वॉटर्लूच्या रणांगणावर नेपोलियनला चीत करणारे सेनापती आणि पुढे इंग्लंडचे मुख्य प्रधान. त्यांच्या चेहऱ्यावरील हा अवयव एवढा उन्नत होता, की त्यांचे शिपाई त्यांना प्रेमाने नाकाड्या म्हणत, आणि लंडनच्या व्यंगचित्रकारांच्या कैक घरच्या चुली त्या नाकाच्या आधाराने पेटत असाव्यात. इकडे कुरवंडे गावाच्या शिवेवरून कोकणात डोकावणारा काळाकभिन्न कडा मावळातल्या माणसाला कदीमपासून नागफणी म्हणून ठाऊक होता. माथ्यावर महादेवाचे ठाणे, खाली फणा उभारलेला नाग. ही योजना इतकी यथास्थित होती, की तीत काही सुधारणा करावी असे कोणाही समंजस माणसाला वाटले नसते. परंतु परक्या मुलुखात गेलेल्या साहेबाला पहिल्याप्रथम हवा असतो तो ओळखीचा चेहरा, आणि अख्खा चेहरा न मिळाल्यास निदान त्यातला ठळक भाग तरी.

पावसाळ्यातल्या एका रविवारी खंडाळ्याच्या एका पॉइंटवर या दोन पक्षांचा तंटा माझ्यासमक्ष निकालात निघाला. एक तरुण नातू आपल्या आजीला कठड्यापाशी घेऊन आला होता. "आजी, ते समोर बघ. ते नाक." आजीने चष्म्यावरचे थेंब पदराने पुसले आणि विचारले, "कोणाचं रे?" "ड्यूकचं." यावर आजी काळजीच्या स्वराने म्हणाली, "बरा आहे ना तो?" नातू इतिहास सांगू लागला, आजी धुक्याकडे पाहत राहिली आणि शेवटी म्हणाली, की मला तर बाई फणा दिसतो. तेव्हा शेजारी शेगडीवर कणसे भाजणारी बाई वर न पाहता म्हणाली, "नागफणीच हाय ती, आजी. नाक फकस्त शनवार-रविवारी असतं." पर्यटनशास्त्रावर याहून नेमके भाष्य मी अद्याप वाचलेले नाही.

आता या पदवीच्या वंशावळीकडे वळू. आर्थर यांचे आजोबा जन्माने वेलस्ली नव्हतेच, ते कॉली. १७२८ साली वेस्ली नावाच्या एका निपुत्रिक नातलगाची आयर्लंडातील मिळकत त्यांच्याकडे आली आणि मिळकतीमागोमाग आडनावही आले. म्हणजे आपल्याकडील दप्तरी भाषेत ही शाखा दत्तकाची. पुढे थोरले नातू रिचर्ड यांना वेस्ली हे आडनाव काहीसे तोकडे वाटले म्हणून त्यांनी त्याचे जुने, लांब रूप धारण केले, आणि धाकटे आर्थर हिंदुस्थानात पलटणीवर असताना १७९८ साली तेही वेलस्ली अशी सही करू लागले. पदवीची कथा याहून गमतीची आहे. १८०९ साली स्पेनमधील तालाव्हेराच्या लढाईबद्दल आर्थर यांना उमराव करण्याचे ठरले त्या वेळी ते मोहिमेवर होते, आणि पदवी कोणत्या गावाच्या नावाने घ्यावी असे समुद्रापलीकडे विचारून उत्तर येईपर्यंत थांबण्याची कोणाची तयारी नव्हती. तेव्हा विल्यम नावाच्या भावाने नकाशावर सॉमरसेट परगण्यातील वेलिंग्टन हे गाव हेरले. कारण मुख्यतः एवढेच, की त्याचा उच्चार आडनावाच्या जवळपास जात होता. आर्थर यांचे त्या गावी घर ना दार. ज्या नावाने पुढे न्यूझीलंडची राजधानी, निलगिरीतली लष्करी छावणी आणि मुंबईतले एक कारंजे ओळखले जावयाचे होते, त्याचा जन्म असा एका भावाच्या घाईतून झाला. आडनाव दत्तकाचे, पदवी भावाच्या पसंतीची; निर्विवादपणे स्वतःचे म्हणावे असे या थोर पुरुषापाशी जे काही होते ते नाकच, आणि नेमके तेवढेच मावळच्या दप्तरी दाखल झाले.

ही पदवी मुळात अस्तित्वात आली याचे श्रेय खरे पाहता खरजेला दिले पाहिजे. १८०१ साली कर्नल वेलस्ली मुंबईहून इजिप्तच्या मोहिमेवर निघावयाचे होते. परंतु ऐन वेळी प्रथम तापाने आणि मागाहून मलबारी खरजेने त्यांना असे गाठले, की जहाज त्यांच्यावाचून निघून गेले. ते ज्यावर चढणार होते ते सुझॅना जहाज तांबड्या समुद्रात सर्व माणसांनिशी बुडाले, आणि इकडे भावी ड्यूक महाराज मुंबईत नायट्रिक आम्लाच्या पाण्याने स्नान करीत, दात-ओठ खात, दैवाला बोल लावीत बसले होते. त्या पाण्याने अंग पुसण्याचे पंचे जळत, असे सांगतात. वॉटर्लूचा पराक्रम वर्णन करणाऱ्या ग्रंथांत या खरजेला अर्धे पान मिळते, हा मला धडधडीत कृतघ्नपणा वाटतो.

पुढे दोन वर्षांनी, १८०३ च्या एप्रिलमध्ये, पळून गेलेल्या दुसऱ्या बाजीरावाला गादीवर पुन्हा बसविण्याच्या कामगिरीवर हे गृहस्थ पुण्यात दाखल झाले, आणि त्याच साली २३ सप्टेंबर रोजी असई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी त्यांची गाठ पडली. समोर खेळणा नदी, पलीकडे कवायती पलटणी आणि तोफांची रांग. वाटाडे शपथेवर सांगत होते, की येथून नदीला उतार नाही. वेलस्लींनी दुर्बिणीतून पाहिले, तो नदीच्या अलीकडे एक गाव आणि बरोबर त्याच्या समोर पलीकडच्या काठावर दुसरे. दोन गावे अशी तोंडासमोर तोंड करून वसली आहेत, तर त्यांच्यामध्ये येण्याजाण्याची वाट असलीच पाहिजे, असा तर्क करून त्यांनी घोडा पुढे घातला आणि उतार सापडला. तर्क बिनतोड होता, यात संशय नाही. मात्र त्यासाठी इंग्लंडहून सेनापती आणण्याचे कारण नव्हते. समोरच्या गावाशी बांधावरून, पाण्यावरून किंवा सोयरिकीवरून भांडण नाही असे गाव महाराष्ट्रात नाही, आणि भांडायला जायचे म्हटले की वाट लागते, हे आपल्याकडील कोणत्याही कुलकर्ण्याने बसल्या जागी सांगितले असते. त्या दिवशी इंग्रजांकडील दीड हजारांहून अधिक माणसे ठार किंवा जखमी झाली, मराठ्यांकडील गोलंदाज तोफांना बिलगून मेले, आणि म्हातारपणी कोणी विचारले, की आपण लढाईत केलेली सर्वोत्तम गोष्ट कोणती, तर वॉटर्लूचे नाव न घेता ड्यूक एवढेच म्हणत: असई. एवढी एक दाद आपल्या शत्रूने दिली आहे, ती आपण पदरी बांधून ठेवावी.

१८०४ साली युद्ध आटोपून जनरलसाहेब पुण्याकडून मुंबईस गेले, तेव्हा मुंबईकरांनी त्यांना मानपत्रे आणि मेजवान्या दिल्या. तेथे उतरण्याचा रस्ता बोरघाटाचा; म्हणजे दरीपलीकडून नागफणीने त्यांना आणि त्यांनी नागफणीला बहुधा पाहिले असावे. अशा वेळी माणसाच्या मनात काय येते कोण जाणे. आरशात पाहिल्यासारखे वाटले असल्यास त्यांनी ते पत्रांत लिहून ठेवलेले नाही.

स्पेनमध्ये मात्र पदव्यांचा पाऊस पडला. १८०९ साली व्हायकाउंट, १८१२ च्या फेब्रुवारीत अर्ल, त्याच ऑक्टोबरात मार्क्विस आणि १८१४ च्या मे महिन्यात ड्यूक. एखादा तलाठी पाच वर्षांत सर्कल, मामलेदार आणि प्रांत अशा पायऱ्या ओलांडून कलेक्टरच्या खुर्चीत जाऊन बसावा, तसा हा प्रकार झाला. शिवाय स्पेनने सिउदाद रोद्रिगोचे, पोर्तुगालने व्हितोरियाचे ड्यूक केले आणि नेदरलँड्सच्या राजाने वॉटर्लूचे प्रिन्स. इनामाचीही व्यवस्था झाली. पार्लमेंटने दिलेल्या पैशांतून १८१७ साली हॅम्पशायर परगण्यात स्ट्रॅटफील्ड से ही जहागीर घेण्यात आली, आणि तिचा सारा असा ठरला, की दरसाल वॉटर्लूच्या दिवशी, म्हणजे १८ जून रोजी, फ्रान्सचा एक लहानसा तिरंगी झेंडा विंडसरच्या राजवाड्यात रुजू करावा. हा सारा अद्याप चालू आहे. पैसेवारी नाही, तहकुबी नाही, सुटीसाठी मामलेदाराच्या ओसरीवर हेलपाटे नाहीत. दोनशे वर्षांत जमाबंदीत एका पैची वाढ नाही. मावळातल्या भातशेतकऱ्याने हा मजकूर वाचला, तर तो आपला सातबारा घेऊन तडक हॅम्पशायरला जाईल.

थोरले बंधू रिचर्ड गव्हर्नर जनरल होते आणि श्रीरंगपट्टण घेतल्याबद्दल मोठ्या इंग्लिश पदवीच्या आशेवर बसले होते. १७९९ साली मिळाली ती आयर्लंडच्या खात्यातील मार्क्विसची. दुहेरी मुलामा दिलेला बटाटा अशी त्यांनी तिची संभावना केली आणि कित्येक दिवस अन्नपाणी गोड लागू दिले नाही. औरस पुत्र नसल्याने १८४२ साली तो बटाटाही त्यांच्याबरोबर गेला. इंग्रजी पदवीला दत्तक चालत नाही, हे येथे मावळकरांनी ध्यानात घ्यावे. साताऱ्याच्या छत्रपतींनी मरणसमयी घेतलेला दत्तक १८४८ साली नामंजूर करून राज्य खालसा करणारे डलहौसी त्यानंतर वर्षभरात मार्क्विस झाले. त्यांना मुली दोन, मुलगा नाही, आणि १८६० साली ते वारले तेव्हा त्यांची मार्क्विसची पदवी वारसाअभावी आपोआप खालसा झाली. सातारकरांनी साखर वाटली की नाही, याची नोंद आढळत नाही. वाटली असल्यास मी त्यांना दोष देणार नाही.

वेलिंग्टनांचे घराणे मात्र तगले. दुसरे ड्यूक यांच्या वाट्याला बापाची पदवी आली तशी जन्मभराची एक धास्तीही आली: दिवाणखान्याच्या दारात वेलिंग्टनचे ड्यूक आले अशी ललकारी व्हावयाची, साऱ्या माना वळावयाच्या, आणि आत शिरणारे आपण! हे दुःख त्यांनी स्वतःच बोलून दाखविले होते, यावरून ते शहाणे गृहस्थ होते असे दिसते. त्यांना मूल नव्हते, म्हणून १८८४ साली पुतण्या तिसरा झाला; त्यालाही मूल नव्हते, म्हणून १९०० साली त्याचा भाऊ चौथा झाला; त्याचा मुलगा पाचवा. पाचव्याचा मुलगा सहावा हा १९४३ साली इटलीत सालेर्नो येथे लढताना ऐन एकतिसाव्या वर्षी अविवाहित मारला गेला, आणि त्याच्याबद्दल विनोद करण्याचे कारण नाही. त्याच्यामागे ड्यूकपद काकांकडे गेले. परंतु स्पेनच्या कायद्याला मुलगी वर्ज्य नसल्यामुळे सिउदाद रोद्रिगोची पदवी बहिणीकडे गेली, आणि १९४९ साली बहिणीने ती काकांना सोडून दिली तेव्हा कोठे संच पुन्हा पुरा झाला. आपल्या तालुक्यात इतक्या गोडीने वाटणी मिटल्याचे उदाहरण मला ठाऊक नाही. हे सातवे ड्यूक धंद्याने वास्तुशिल्पी होते. आठवे २०१४ साली वर्षाच्या अखेरच्या दिवशी नव्याण्णवाव्या वर्षी वारले, आणि सध्या नववे आहेत.

मावळाला हे वंशपरंपरेचे प्रकरण नवे वाटण्याचे कारण नाही. बारा मावळांत देशमुखी, देशपांडेपण, पाटीलकी आणि कुलकर्ण यांवरून जितके कागद खर्ची पडले, तितक्यांत इंग्लंडातील साऱ्या उमरावांची चरित्रे लिहून वर लग्नपत्रिका छापता आल्या असत्या. तळेगावच्या खंडेराव दाभाड्यांना शाहू छत्रपतींनी १७१७ साली सेनापती केले; त्यांच्यामागे पुत्र त्रिंबकराव सेनापती; ते १७३१ साली डभईच्या लढाईत बाजीरावाच्या फौजेशी लढताना पडले, तेव्हा सेनापतिपद धाकटे बंधू यशवंतराव यांच्याकडे आले, आणि दौलतीचा भार मातुःश्री उमाबाईंनी वाहिला. इंग्रजांत आणि आपल्यांत फरक पडला तो येथे. आपण सेनापतीच्या मुलाला फौज दिली. त्यांनी त्याला फक्त ललकारी दिली. सेनापतीचा मुलगा म्हणून दुसऱ्या ड्यूकच्या हाती कोणी वॉटर्लूची फौज सोपविली नाही, आणि माझ्या मते त्या घराण्याच्या दीर्घायुष्याचे इंगित यातच आहे.

पदव्या देण्याची मावळची स्वतःचीही एक रीत होती, आणि ती मला अधिक पसंत आहे. राघोबादादांना घेऊन इंग्रजांची फौज बोरघाट चढून पुण्यावर चालून आली, तिच्यातला कॅप्टन स्टुअर्ट हा ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ मारला गेला. पंधरवड्याच्या आत उरलेल्या फौजेला वडगावात नाक मुठीत धरून तह करावा लागला. परंतु स्टुअर्टचे शौर्य पाहून मराठ्यांनी त्याला इष्टुर फाकडा ठरविले, त्या काळच्या अडीच फाकड्यांत त्याची अर्ध्याच्या जागी गणना केली, आणि वडगावात त्याची समाधी लोक आजही दाखवितात. पदवी देणारे शत्रू, घेणारा मेलेला, सनद नाही, नजराणा नाही, वारस नाही. आणि मोजणी इतकी काटेकोर, की परका म्हणून पुरा एक न देता अर्धाच दिला. लंडनच्या पदव्यांच्या कचेरीत हा अपूर्णांकाचा हिशेब कोणाला सुचल्याचे माझ्या वाचनात नाही.

नागफणीच्या पायथ्याचा हिशेबही याच जातीचा आहे. कुरवंड्याची वाट उतरून खाली उंबरखिंडीत गेलेल्या कारतलबखानाला २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी असे कोंडले, की बरोबरच्या रायबागन बाईच्या सल्ल्याने खानाने सारे सामानसुमान खाली ठेवले आणि जीव तेवढा परत नेला. ज्या कड्याखाली मोगल सरदाराचे नाक असे कापले गेले, त्याच कड्याला पुढे इंग्रज सरदाराचे नाक चिकटावे, ही योजना नियतीची. मावळकरांनी त्यात हात घातलेला नाही.

पहिल्या ड्यूकनी जगाला दिलेली आणखी एक वस्तू मात्र लोणावळ्यात बाराही महिने नसली तरी चार महिने डोळ्यांना दिसते. आपल्या चांभाराकडून त्यांनी उंच बुटांचा एक सुटसुटीत नमुना करवून घेतला. त्याला त्यांचेच नाव पडले, पुढे तो रबराचा झाला, आणि आज धो-धो पावसात रुळांची गस्त घालणारा गँगमन, भाताची लावणी पाहायला बांधावर गेलेला शेतकरी आणि बाजारात पाण्यात उभा राहून मासळी विकणारा माणूस, हे सर्व लोक गमबूट या नावाने त्यांचाच वारसा पायांत घालून फिरत असतात. नऊ ड्यूकांत वाटली गेली ती पदवी. बूट मात्र ज्याला चिखल लागला त्या सर्वांना मिळाले.

सध्याच्या, म्हणजे नवव्या ड्यूकांबद्दल माझे मत चांगले आहे. १९९९ च्या कायद्याने वंशपरंपरागत उमरावांपैकी ९२ सोडून बाकीच्यांना लॉर्ड्स सभेबाहेर काढले. हे २०१५ साली पोटनिवडणुकीने तेथे निवडून आले, म्हणजे उमराव असूनही निवडून येण्याची दगदग त्यांना चुकली नाही. २०२१ साली तेथे पर्यावरणाचा कायदा चालला असता पाणीपुरवठा कंपन्यांनी मैलापाणी नद्यांत सोडू नये, अशी दुरुस्ती त्यांनी लावून धरली; खालच्या सभेने ती प्रथम फेटाळली, लोकांत ओरड झाली, आणि सरकारला चार पावले मागे यावे लागले. खापरपणजोबांचे वडील दोन गावे पाहून नदीतला उतार ओळखीत. हे नदीच पाहून तीत काय सोडले आहे ते ओळखतात. आता आमची इंद्रायणी उगम पावते ती कुरवंड्याजवळ, अक्षरशः त्या नाकाखाली. तेथे ती निर्मळ असते, आणि देहूवरून आळंदीस पोचेपर्यंत तिच्यावर कित्येकदा असा पांढरा फेस चढतो, की वारकऱ्याने तीर्थ घ्यावे की न घ्यावे हा प्रश्न पडतो. ज्याचे नाक उगमावर आहे त्याच्या वंशजाचे लक्ष अशा नदीकडे वेधणे गैरवाजवी होणार नाही, अशा हिशेबाने पुढील अर्जाचा मसुदा मी तयार केला आहे. वाचकांनी सह्या कराव्यात.

मेहेरबान ड्यूकसाहेब बहादूर यांचे सेवेशी. मौजे कुरवंडे, तालुके मावळ, जिल्हे पुणे येथील कड्यास आपले मूळ पुरुषांचे नाक म्हणून पिढ्यानपिढ्या वहिवाट चालू असून त्याबद्दल गावास आजवर काहीएक पोचलेले नाही. आपण आपले राजांस एका जहागिरीपोटी दरसाल एक झेंडा देता, तोच दाखला येथे लागू करावा. मागील बाकी माफ. यापुढे झेंडा विंडसरास रवाना होण्याआधी, मृगाच्या सुमारास, काळ्या गमबुटांचा एक जोड कुरवंड्याच्या पोलीसपाटलाकडे पोच घेऊन रुजू करावा. आणि स्वतः येणे झाल्यास आळंदीपर्यंत नदीकाठाने चालत जाऊन नदीविषयी आपला अभिप्राय लेखी द्यावा. बुटांचे माप नंबर आठ.